संशय आला तर संगणक लगेच फॉरमॅट करू नका

घरच्या संगणकावर कोणीतरी चोरून नजर ठेवतंय अशी शंका आली, की बहुतेक घरांत पहिला उपाय सुचतो तो ‘फॉरमॅट मारून टाका’. कळकळीची विनंती आहे, थांबा. फॉरमॅटने नजर ठेवणारं सॉफ्टवेअर जाईल. पण ते कोणी बसवलं, कधीपासून चालू होतं, काय काय बाहेर गेलं, याचा पुरावाही पुसला जाईल. चोरलेले पासवर्ड मात्र चोराकडेच राहतील.

ही नजर सहज दिसत नाही. कॅमेरा चालू झाला तर बहुतेक लॅपटॉपवर छोटा दिवा लागतो. स्क्रीन टिपली जात असेल तर असा दिवा लागत नाही. कीबोर्डवरची अक्षरं चोरणाऱ्यांना चुकवायला बँकांनी स्क्रीनवरचा, माऊसने दाबायचा कीबोर्ड दिला. स्क्रीनचं चित्रच टिपणाऱ्यापुढे तोही उपयोगाचा नाही. अमेरिकेत २०१२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिझायनरवेअर या कंपनीवर कारवाई केली. भाड्याने दिलेल्या संगणकांत तिचं सॉफ्टवेअर होतं, जगभरातल्या सुमारे ४ लाख २० हजार संगणकांवर. त्यातला ‘डिटेक्टिव्ह मोड’ भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने चालू केला, की स्क्रीनची चित्रं, टाइप केलेली अक्षरं, अगदी घरातल्या माणसांचे वेबकॅमवरचे फोटोसुद्धा गुपचूप टिपले जात.

संगणक मंदावला, पंखा घोंघावतो, एवढ्यावरून घरातल्या कोणावर आळ घेऊ नका. त्याची कारणं शंभर असतात. खरी खूण वेगळी. दुरून संगणक चालवू देणारं, तुम्ही न टाकलेलं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर दिसतं. अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो. विंडोज डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन’ यादीत, म्हणजे जिथे तपासायचं नाही अशा यादीत, अनोळखी फोल्डर बसलेलं असतं. मॅकवर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी भलत्याच प्रोग्रामला दिलेली असते. चोरून उतरवलेलं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकल्यानंतर हे सुरू झालं असेल तर संशय आणखी पक्का धरा.

अशा वेळी आधी इंटरनेट तोडा, संगणक चालूच ठेवा. चालू संगणकाच्या मेमरीतली माहिती बंद केल्यावर उडते. टास्क मॅनेजर उघडून चालू प्रोग्राम आणि ‘स्टार्टअप’ची यादी यांचे मोबाइलने फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. काहीही डिलीट करू नका. बँक, ईमेल यांचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदला. याच संगणकावरून बदललात तर नवा पासवर्डही त्याच डोळ्यांसमोर टाइप कराल. पुरावा पोलिसांच्या हाती गेला की मगच साफसफाई. दुरुस्तीच्या दुकानदारांनाही हात जोडून सांगणं आहे: असं गिऱ्हाईक आलं तर फॉरमॅटआधी विचारा, तक्रार केली का?

नजर ठेवणारा माणूस घरातलाच असेल, नवरा असेल, जवळचा असेल, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. इंटरनेट अचानक तुटलं की त्याला कळतं, आणि मार खायची वेळ घरातल्या बाईवर येते. तायांनो, त्या संगणकाला हात लावू नका, त्यावर मदतही शोधू नका. मैत्रिणीच्या किंवा माहेरच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. ‘संगणक माझ्या पैशांचा आहे’ हे नजर ठेवणाऱ्याचं उत्तर पुरेसं नाही. बाईच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संवादाच्या वापरावर कोणी पुरुष चोरून नजर ठेवत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे तो पाठलागाचा गुन्हा ठरतो.

दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने असं सॉफ्टवेअर घुसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवलं, तर तिथून हलू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते. खात्यातून पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी रोखता येतात, ते तक्रार लवकर पोहोचली तरच.