परिपाठात एक ओळ

टोरांटोच्या सरकारी शाळांत 2016पासून रोज सकाळी, ही शाळा कोणत्या आदिवासींच्या भूमीवर उभी आहे, ते वाचून दाखवतात. रोजचे झाले की त्याचे पाठांतर होते. म्हणून तिथले काही शिक्षक आता मुलांनाच स्वतःचा मजकूर लिहायला लावतात. मेळघाटातल्या धारणीत हे करायचे ठरले, तर आधी परिपत्रक निघेल, त्यासोबत नमुना मजकूर येईल, आणि सगळे तिथेच संपेल. तसे कबुलीचे काम आपल्या संसदेने करून ठेवलेच आहे: 2006च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत आदिवासींवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ सरळ मान्य केला आहे. पण परिपाठात इथला कोरकू आदिवासी मुलगा प्रतिज्ञा म्हणतो, सुविचार म्हणतो. सिपना-गडगा नद्यांच्या खोऱ्यात आपले पूर्वज राहत आले, हे म्हणत नाही. म्हणून मजकूर त्यालाच लिहू द्या; त्याआधी त्याला घरी पाठवा. पूर्वजांच्या नावाने सागवानी खांब, म्हणजे मुंडा, का उभारतात, त्यावर चंद्र-सूर्य का कोरतात, हे आजोबांना विचारू द्या. गवळी, गोंड, निहाल शेजाऱ्यांनाही विचारू द्या; मेळघाट एकट्या कोरकूंचा नाही. आणि व्याघ्र प्रकल्पासाठी उठवलेल्या बोरी, कोहा, कुंड या गावांची नावे त्या मजकुरात यायलाच हवीत. ती नावे गाळून लिहिलेला मजकूर म्हणजे स्नेहसंमेलनातले स्वागतगीत. वाचन मात्र कोरकूत व्हावे, आणि पाहुण्या साहेबांना मराठी अर्थ मुलांनीच सांगावा.