आधी काटा, मग शॉकअप

कॅरॅव्हॅन गॅरेजात आली की मालकाची तक्रार ठरलेली: गाडी मागून बसते, वळणावर डुलते, चांगले कडक शॉकअप टाका. आपण टाकतो. बिल होते, मालक खूष होतो, आणि काही दिवसांनी गाडी तितकीच बसलेली परत येते. येणारच. वजन पेलतात ते पाटे. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी आवरतो. गॅसचा शॉकअप किंचित उचल देतो खरा, पण भाराच्या हिशेबात ती धरू नये.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे ही गिऱ्हाइके वाढणार आहेत, आणि ती फक्त पुण्या-मुंबईची नसतील. हैदराबादच्या नल्लकुंट्यातून निघून जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करत तुळजापूरला जाणारे एखादे फिरते घर डोळ्यांपुढे आणा. त्याची बसशी तुलना करा. बसमधली माणसे चढतात, उतरतात; पाट्याला अधूनमधून मोकळा श्वास मिळतो. कॅरॅव्हॅनमधले कपाट, ओटा, फ्रिज कुठल्याच थांब्यावर उतरत नाहीत. ही गाडी उभी असतानाही भरलेलीच असते.

म्हणून पहिले काम काट्यावर. पाणी, सिलिंडर, बॅटऱ्या, सामान, माणसे सगळे भरून आधी पुढचा आस, मग मागचा आस वेगवेगळा तोला. जमल्यास डावे-उजवेही पाहा, कारण ओटा आणि टाकी एकाच बाजूला बांधण्याची आपल्याकडे खोड आहे. दोन आसांत चार मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या आसापासून १.२ मीटर मागे २०० लिटरची टाकी बसवली, तर भरल्यावर मागच्या आसावर २०० नव्हे, २६० किलो वाढतात आणि पुढचे ६० किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके लागते, दिव्यांचा झोत वर जातो. यावर जगातला कुठलाही शॉकअप उपाय नाही. टाकी दोन्ही आसांच्या मध्ये आणणे हा आहे. ते काम कटकटीचे, शॉकअप बदलणे अर्ध्या दिवसाचे. आपण कोणते सुचवतो, हे ज्याने त्याने पाहावे.

टाकी हलवूनही मागचा भार जास्तच राहिला, पण आस आणि टायर यांच्या मर्यादेत असला, तर पाट्यांचा विचार करा. मर्यादेबाहेर असेल तर सामान उतरवा. पाटा वाढवून आसाची ताकद वाढत नाही. आणि पाटे वाढवल्यावर जुने शॉकअप तसेच ठेवू नका. मागचे वजन ४० टक्के वाढले आणि पाट्यांचा कडकपणाही तेवढाच वाढवला, तर त्याच शॉकअपची आवरण्याची क्षमता प्रमाणाने मूळच्या सुमारे सात-दशांश उरते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी झुलत राहते ती यामुळे. जुन्या पद्धतीच्या जाड थप्पीत पानांचे आपसातले घर्षणच थोडा आवर घालते. पॅराबोलिक पाट्यात ते कमी, म्हणून तिथे शॉकअपची निवड जास्त काटेकोर हवी.

निवडताना ‘कडक’ हा शब्द बाजूला ठेवा. शॉकअप दाबताना किती आवरतो आणि उघडताना किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. उघडण्याची बाजू गरजेपेक्षा कडक केली, तर लागोपाठच्या पट्ट्यांवर चाक खाली यायच्या आत पुढचा धक्का बसतो, गाडी हळूहळू दबत बंप रबरावर टेकते आणि मालक म्हणतो, नवे शॉकअप जास्तच आपटतात. गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद असावा, तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे माप आहे. गल्लीबोळात ते माप क्वचितच भेटते, त्यामुळे चाचणी गल्लीतही घ्या, नुसती महामार्गावर नको.

लांबीही मोजा. पूर्ण दाबलेला, पूर्ण उघडलेला आणि भरलेल्या गाडीत उभा असलेला, अशी तिन्ही मापे. शॉकअप आतून टेकायच्या आधी आस बंप रबराला लागला पाहिजे. उंची वाढवलेल्या गाडीत शॉकअप आधीच ताणलेला असतो आणि खड्ड्यात चाक लोंबकळले की ब्रॅकेटच उपटतो.

हवेच्या फुग्यांबद्दल थोडक्यात: उंची मिळते, पण डावा-उजवा एकाच नळीला जोडू नका. वळणावर एका फुग्यातली हवा दुसऱ्यात जाते आणि डोलणे वाढते.

कायद्याचेही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीच्या मापाचा नवा शॉकअप बसवणे वेगळे आणि पाटे वाढवणे वेगळे. मालकाला हे काम हाती घेण्याआधी सांगा, बिलाच्या वेळी नव्हे.

वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे येणाऱ्या कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन आसाप्रमाणे, दोन आसांमधले अंतर आणि टाकीची जागा आम्हाला लिहून पाठवा. मालकाचे नाव नको. पुरेसे आकडे जमले की तक्ता छापू.