रुग्णाची साक्ष

एखादा विद्यार्थी नापास झाला की शिक्षक मंडळी एकत्र बसून कारणमीमांसा करतात. अभ्यास अपुरा, घरची परिस्थिती बेताची, संगत वाईट, अशी कारणे निघतात. मात्र ज्याचा निकाल लागला त्या मुलाला बोलावून कोणी काही विचारीत नाही. आम्हीही कित्येक वर्षे विचारले नाही. या उणिवेची जाणीव आम्हांस झाली ती शाळेत नव्हे, रुग्णालयात.

गेल्या वर्षी आमच्या वडील भगिनींवर पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, “पोट फुगल्यासारखे वाटते, हे दुखणे कालच्यासारखे नाही,” असे अक्कांनी परिचारिकेला सांगितले. तेवढ्यात पाळी बदलली आणि तो निरोप मधल्यामध्येच राहिला. आत पित्त झिरपत होते, हे उमगले तिसऱ्या दिवशी दुपारी, ताप चढल्यावर. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. महिन्याने अक्का घरी आल्या.

पुढे कळले की या प्रकरणाचा आढावा घेण्यासाठी डॉक्टरांची बैठक झाली होती. हेतू स्तुत्यच, परंतु केसपेपरातली हकीकत सुरू होत होती ती तापापासून. त्या सायंकाळची गोष्ट जिला ठाऊक, तिला कोणी विचारलेच नाही.

स्वतःच्या चुका तपासण्याची ही वृत्ती वैद्यकाला नवी नाही. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब मांडून त्यांत १२३ चुका झाल्याचे छापून प्रसिद्ध केले. समव्यावसायिकांचा रोष त्यांनी पत्करला. ते धैर्य वंदनीयच. पण चूक मोजणाराही वैद्यच होता. ती सोसणाऱ्याला आसन देण्याचा विचार पुष्कळ उशिरा रुजला. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते. त्याचा २०२३ चा विषयच मुळी रुग्णांचा सहभाग हा होता.

डॉक्टर मंडळींची अडचण आम्ही जाणतो. रुग्ण समोर बसला की कोर्टकचेरीचे भय वाटते आणि मोकळेपणी बोलणे खुंटते. शिवाय रुग्णाला वैद्यकातले काय कळणार, हाही प्रश्न आहेच. यावर तोड मात्र आपल्याच देशात निघालेली आहे. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या मृत्यूंची चौकशी कशी करावी, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१० साली काढली. त्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीला मृत स्त्रीच्या नातेवाइकांना बोलावण्याची तरतूद आहे. आधी त्यांनी घडलेले सांगावयाचे. ते गेल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपसांत चर्चा करावयाची. वाहन किती वेळाने मिळाले, कोणत्या दारातून परत पाठविले, हे कोणत्याही केसपेपरात सापडत नाही. ते घरच्यांच्याच तोंडून कळते.

मृत्यूनंतर जे चालते ते गुंतागुंतीनंतर का चालू नये? रुग्णाने निदान सांगावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. त्याने फक्त आपल्याला केव्हा काय झाले, कोणाला सांगितले आणि पुढे काय घडले, एवढे सांगावे. मग डॉक्टरांनी दार लावून खुशाल विचार करावा; फक्त शेवटी काय ठरले ते रुग्णाला कळवावे. आपणही, वाचकहो, रुग्णाजवळ बसताना एक वही ठेवावी आणि तीत वेळ टिपून ठेवावी. केसपेपरांची प्रत मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे, हेही ध्यानी असावे.

अक्कांना आम्ही एकदा विचारले, “तक्रार करायची का?” त्या म्हणाल्या, “तक्रार कशाला रे? पुढच्या बाईचं ऐका, एवढंच सांगायचं होतं. पण मला कोणी बोलावलंच नाही.”

यंदा निकालानंतरच्या बैठकीपूर्वी आम्ही नापास झालेल्या प्रत्येक मुलाला खोलीत बोलावून खुर्ची दिली. पहिल्याच मुलाने सांगितले की त्याला फळ्यावरचे दिसत नाही. वर्षभर आम्ही त्याला आळशी समजत होतो.