समृद्धीवर १२०, गावात खड्डे: वेगवान गाडीचे टायर आणि अलॉय बदलताना नेमकं काय पाहायचं?

आर्वी तालुक्यातल्या विरुळला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. म्हणजे आर्वीची एमएच ३२ पासिंगची गाडी विरुळला वर चढली, की थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत मध्ये एकही सिग्नल नाही. सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा आहे ताशी १२० किलोमीटर.

पण हीच गाडी विरुळपर्यंत कशी येते? गावातले स्पीड ब्रेकर, पावसाळ्यानंतर उखडलेले रस्ते आणि खड्डे पार करत. एकाच टायरला दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात.

दुसरीकडे, स्पोर्टी गाड्या आता फक्त पुण्या-मुंबईत दिसत नाहीत. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तरी सेकंड हँड बाजारात पोलो जीटीचे चाहते आहेत. २०२१ मध्ये ह्युंदाई आय२० एन लाइन आली, २०२४ मध्ये १२० पीएस ताकदीची टाटा अल्ट्रोझ रेसर. अशी गाडी घेतली की बऱ्याच जणांचा पहिला खर्च ठरलेला असतो: मोठे अलॉय आणि रुंद टायर. नेमकी इथेच गडबड होते.

समृद्धीवर टायर का फुटतात?

महामार्ग सुरू झाल्यावर काही महिन्यांतच टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने टायर तपासायला आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली.

सोशल मीडियावर याचं एकच कारण सांगितलं जातं: सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून टायर फुटतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे हे पटतंही. पण फिकट रंगाचं काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा कमी ऊन शोषतं. टायर तापण्याचं मोठं कारण टायरमध्येच असतं.

टायर फिरताना त्याची बाजू, म्हणजे साइडवॉल, प्रत्येक फेऱ्यात दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १२० च्या वेगाने हे सेकंदाला साधारण १७ वेळा होतं. हवा कमी असेल किंवा गाडीत वजन जास्त असेल तर साइडवॉल जास्त दबते आणि जास्त तापते. गावातल्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी ब्रेक लागतो, टायरला उसंत मिळते. समृद्धीवर दोन-दोन तास ती मिळत नाही. आधीच एखाद्या खड्ड्यात आतले धागे तुटले असतील, तर त्याचा हिशोब इथे चुकता होतो.

प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडणंही बरोबर नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ जणांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र तसे पुरावे आढळले नाहीत.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

आय२० एन लाइनचा साइज आहे १९५/५५ आर१६. यात १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

त्याच्यापुढे ८७एच असं काहीतरी छापलेलं असतं. दुकानात सहसा कुणी विचारत नाही, पण महत्त्वाचं तेच आहे. ८७ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५४५ किलोपर्यंत वजन पेलतो. एच हे वेगाचं अक्षर, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०, व्ही म्हणजे २४०.

आपण १२० च्या वर जाणारच नाही, मग स्वस्तातला टी का चालणार नाही? कारण हे अक्षर फक्त टॉप स्पीड सांगत नाही. उष्णता सहन करण्याची ताकदही त्यात येते. म्हणून साधा नियम असा: लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर, दोन्ही कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही.

इंच वाढवायचे का?

वाढवता येतात, पण रिम वाढली की साइडवॉल कमी व्हायला हवी. टायरचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहिला पाहिजे. १९५/५५ आर१६ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. २१५/४५ आर१७ चा ६२५. फरक एक टक्क्याहून कमी, गणित जुळलं. पण कुणी १९५/५५ आर१७ बसवला तर व्यास ६४६ होतो, म्हणजे चार टक्के जास्त. मूळ मीटर अचूक धरला, तर काटा १२० वर असताना गाडी १२५ ला पळत असेल.

गणित जुळलं तरी किंमत मोजावी लागतेच. सतरा इंचाला साइडवॉल साधारण १० मिलिमीटरने कमी होते, अठरा इंचाच्या २१५/४० ला २१ मिलिमीटरने. खड्ड्याचा मार झेलणारं दोन सेंटीमीटर रबर निघून गेलं. मग खड्डा थेट रिमवर बसतो. अलॉय वाकतो, नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर घेऊन समृद्धीवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

रुंद टायरला कोरड्या रस्त्यावर पकड चांगली मिळते, वळणावर गाडी घट्ट वाटते, हे खरं. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

अलॉय घेताना डिझाइनच्या आधी काय पाहायचं?

पहिलं, पीसीडी, म्हणजे नट किती आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर. आय२० आणि अल्ट्रोझला ४x१००, पोलोला ५x१००. दुसरं, मधल्या भोकाचा व्यास. तो हबपेक्षा मोठा असेल तर मध्ये हब रिंग लागते, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. तिसरं, ऑफसेट. तो चुकला तर चाक बाहेर येतं किंवा आत घासतं, आणि बेअरिंगवर ताण येतो.

रिम आणि टायर दोन्हींवर आयएसआय खूण पाहायची. वाकलेला अलॉय ठोकून, वेल्डिंग करून विकला जातो. त्यातली चीर रंगाखाली दिसत नाही. स्टेपनीचाही विचार करायचा: चार चाकं सतराची आणि डिकीत जुनं सोळाचं असेल, तर ते फक्त हळू चालवत टायरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी.

नवा दिसणारा टायर जुना असू शकतो

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदलावा, असं अनेक कंपन्या सांगतात.

याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे 'फास्ट अँड फ्युरियस'चा अभिनेता पॉल वॉकर. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात तो गेला. गाडी त्याचा मित्र चालवत होता. अतिवेग हेच कारण असल्याचं तपासात निघालं. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो, अशी नोंदही झाली. जगातल्या सर्वात वेगवान गाड्यांपैकी एक, पण रबर जुनं.

सेकंड हँड स्पोर्टी गाडी घेताना म्हणून आधी हे चार आकडे वाचायचे. कमी पळालेल्या गाडीची नक्षी छान दिसते, वय मात्र लपलेलं असतं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत टायर झिजला, की तो संपला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला साइज घेणं सर्वात सुरक्षित. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.

खर्च मर्यादित असेल तर?

तपासणीत प्रामुख्याने नक्षी पाहिली जाते. टायरचं वय, लोड इंडेक्स आणि हवा ही जबाबदारी शेवटी गाडीमालकाचीच. त्यामुळे पैसे आधी टायरवर, मग अलॉयवर.

आर्वीसारख्या ठिकाणी राहून समृद्धीवर नियमित जाणाऱ्यासाठी मूळ साइजचे, चांगल्या दर्जाचे, ताज्या तारखेचे चार टायर हे मोठ्या अलॉयवरच्या स्वस्त टायरपेक्षा कधीही सरस. दोनच घ्यायचे असतील तर नवे टायर मागे बसवायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली तर गाडी सावरणं जास्त कठीण असतं. टायर बदलले की अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यायचं.

आणि हवा? ती टायर थंड असताना तपासायची, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरायची. गाडी भरलेली असेल तर त्याचा वेगळा आकडाही तिथेच असतो. नायट्रोजन भरला नाही तरी बिघडत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. विरुळला वर चढण्याआधी ही पाच मिनिटं काढली, तर पुढचा प्रवास बराच सुरक्षित होतो.