दलाल हटवा, मग जेवून दाखवा

टांझानियातल्या दारेसलाम शहरी चार दिवस राहून आलेल्या एका विद्वान गृहस्थांचं व्याख्यान नुकतंच ऐकलं. तिथला बाजार पाहून ते फार व्यथित झाले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गरीब शेतकरी मका पिकवतो. तो गावचा व्यापारी उचलतो, मग दलाल, मग ट्रकवाला, गिरणीवाला, गल्लीतला दुकानदार. प्रत्येक जण मधल्या मधे खातो. म्हणून मधले काढा, मोठ्या कंपन्या आणा, सुपरमार्केटं उघडा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या; सभेत हात बांधून बसणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात.

मधले काढण्याची ही कल्पना गृहस्थांना आज सुचली असेल, पण टांझानिया ती करून, पोळून मोकळा झाला आहे. 1967 मध्ये तिथल्या मोठ्या गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. धान्य सरकारी महामंडळानेच घ्यायचं, दळायचं आणि ठरल्या भावात विकायचं, असं ठरलं. 1976 मध्ये तर खासगी दुकानं बंद करून त्यांच्या जागी सामुदायिक दुकानं उघडायची मोहीमच निघाली. नाव ‘ऑपरेशन माडुका’. स्वाहिलीत ‘डुका’ म्हणजे दुकान, ‘माडुका’ हे त्याचं अनेकवचन. बंद करणं सोपं होतं, ते झालं. उघडणं अवघड होतं, ते राहिलं. टंचाई झाली आणि मोहीम गुंडाळावी लागली. तरी हौस फिटली नाही. 1983 मध्ये साठेबाज म्हणून व्यापाऱ्यांची धरपकड झाली, तर फळीवर उरलासुरला माल होता तोही दिसेनासा झाला. 1984 पासून सरकारलाच एकेक गाठ सैल करावी लागली. मधल्या काळात शहराला जगवलं ते बऱ्याच अंशी ‘मागेंडो’ने, म्हणजे चोरट्या बाजाराने. ज्यांना हटवायचं होतं त्यांनीच, फक्त अंधारात.

मधला माणूस काढला म्हणून त्याचं काम संपत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. डोडोमा भागातल्या किबाइग्वाच्या बाजारातून निघालेला मका दारेसलाममधल्या टांडालेच्या बाजारात आणि तिथून मांझेसेच्या गिरण्यांत पोचतो. वाटेत पोती भरणारा, ट्रकमधली जागा दुसऱ्याशी वाटून घेणारा, भाव पडले तर स्वतः बुडणारा कुणीतरी असतो. गृहस्थांच्या लेखी हे सगळं आपोआप होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याशी मंडईतल्या भाजीवालीवरून असाच वाद घातला होता. तेव्हाही पहाटे चारला उठून माल आणणं हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते आठला उठतात.

आता सुपरमार्केट. दक्षिण आफ्रिकेतल्या एका बलाढ्य साखळीने 2014 मध्ये टांझानियातली दुकानं विकून काढता पाय घेतला. घेणारी केनियातली साखळीही पुढे बुडाली. गल्लीतला डुका चालूच आहे.

तो का चालतो, ते एकदा काउंटरच्या जाळीपाशी उभं राहून बघावं. पोरगी बाटली घेऊन येते आणि रात्रीच्या कालवणापुरतं तेल मागते. दुकानदार मापाने ओततो. मग ‘रोबो’ साखर, म्हणजे पाव किलो. पैसे कमी पडतात. तो ‘डाफ्टारी’ काढतो. आपल्या दप्तराचा हा भाऊ, उधारीची वही. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला एक लिटरचा डबा ‘किफायतशीर’ असतो, हे ज्याचा पगार महिन्याला होतो त्यालाच पटतं.

राहिले नेहमीचे दोन आक्षेप. स्वच्छतेचा आक्षेप: बाजाराला गटार आणि छप्पर द्या, व्यापाऱ्याला हाकलून चिखल वाळत नाही. अव्यवस्थेचा आक्षेप: 2002 मध्ये सुमारे 25 लाखांचं हे शहर 2022 मध्ये 54 लाखांच्या घरात गेलं आणि रोज जेवतं आहे. ही अव्यवस्था असेल तर आणखी थोडी मागवा.

सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ‘लुंबेसा’ म्हणून प्रकार आहे: पोत्याच्या तोंडावर आणखी शीग चढवायची, जाळीने बांधायची आणि पैसे एकाच पोत्याचे द्यायचे. यात शेतकरी नागवला जातो, आणि नागवतात तेच, ज्यांची मी इथे वकिली करतो आहे. त्यावर उपाय तराजू. किलोवर खरेदी होऊ द्या, ती सक्तीने होऊ द्या. गावापर्यंत रस्ता करा, बाजाराला हक्काची जागा द्या, आणि मग बाजूला व्हा. माझ्याकडे याहून भव्य योजना नाही.

गृहस्थ पुढच्या वेळी गेले तर हॉटेलातल्या आम्लेटची अंडी कुठून आली, हे आचाऱ्याला जरूर विचारावं. कुणा मधल्याच्या सायकलवरून आली असतील, तर त्यांनी उपाशी उठण्याची तत्त्वनिष्ठा दाखवावी.