पंचनाम्यात न मावणारं नुकसान

‘पाऊस काय बाई-पुरुष बघून पडतो?’ अतिवृष्टी, दुष्काळ, उष्णतेची लाट यांबद्दल बोलताना शेतातल्या बायांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पाऊस बघत नाही, हे खरंच आहे. पण कुणाचं किती बुडालं हे नुसत्या पावसावर ठरत नाही. शेतातलं कुठलं काम कुणाकडे, मजुरी कशी मिळते, मदत कुणाच्या नावावर निघते, यावर ते ठरतं. आणि या तिन्ही गोष्टी आपण बाई-पुरुष बघूनच ठरवल्या आहेत.

विदर्भातला कापूस घ्या. नांगरणी, डवरणी, फवारणी बहुतेक पुरुषांची. टोबणी, निंदण, वेचणी बायांची. जूनमध्ये पावसाने दडी मारली की पहिली टोबणी वाया जाते आणि दुबार टोबायला पुन्हा त्याच बाया वाकतात. ऑगस्टमध्ये पाऊस थांबलाच नाही तर निंदण होत नाही, गवत माजतं आणि शेतकरी तणनाशक मारून मोकळा होतो. फवारणीची मजुरी पुरुषाला मिळते. बायांचे निंदणाचे दिवस गेले ते गेलेच. पुढे फुटलेल्या बोंडांवर अवकाळी कोसळला की कापूस भिजून त्याची कवडी होते, ती बोंडातून सुटता सुटत नाही. वेचणी असते किलोवर. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेली बाई दिवसभर ओणवी राहते, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून घेते आणि संध्याकाळी काट्यावर निम्मंच वजन भरतं. किलोमागे रुपया-दोन रुपये वाढवून मिळाले तरी ही तूट भरून निघत नाही. मालकाच्या कापसाचा पंचनामा होतो, तिच्या बुडालेल्या मजुरीचा होत नाही. मे महिन्याच्या उन्हात काडीकचरा वेचायला त्याच बाया असतात. शेतात आडोसा नसतो, म्हणून लघवीला जावं लागू नये यासाठी त्या पाणीच कमी पितात. उन्हाचा पारा सगळ्यांना एकच, पण ती त्याला तहानलेल्या शरीराने सामोरी जाते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: आत्महत्या पुरुषच करतात, मग झळ जास्त कुणाला? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 5,207 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत 4,999 पुरुष होते. कर्जाचा तगादा पुरुषाच्या दारी येतो, चारचौघांतली नामुष्की तो एकटा गिळतो. हे दुःख कमी लेखणारा लेख मी कधीच लिहिणार नाही. पण या आकड्यावरून बायांना झळ कमी बसते असं सिद्ध होत नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत वहितीदारांमध्ये स्त्रिया जेमतेम 14 टक्के होत्या. याउलट 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीत ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी सुमारे 77 टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी 49 टक्के. राबणारी ती, आणि नोंदीत शेतकरी तो. तिने जीव दिला तर कागदावर ‘गृहिणी’ लिहिलं जाण्याचीच शक्यता जास्त, हे पत्रकार पी. साईनाथ कित्येक वर्षं सांगत आले आहेत. आणि तो गेल्यावर कर्ज, मुलं, मदतीला ‘पात्र की अपात्र’ ठरवणाऱ्या कार्यालयाच्या खेपा, हे सगळं कोण निस्तरतं?

‘मदत शेवटी घरातच येते ना?’ असंही विचारतात. 2022-26 साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये होते, तेही दोन हेक्टरपर्यंत. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाने निघतात. मजूर बाईला हेक्टर नाही, त्यामुळे तिच्या घरात काहीच येत नाही. कागद न करता बटाईने कसणाऱ्या विधवेच्या घरातही नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2024 मध्ये 24 देशांच्या अभ्यासातून दाखवलं की उष्णतेमुळे स्त्रीप्रमुख ग्रामीण कुटुंबांचं उत्पन्न पुरुषप्रमुख कुटुंबांपेक्षा सरासरी 8 टक्के जास्त बुडतं, पुरामुळे 3 टक्के. ज्या घरात कर्ता पुरुषच नाही, तिथे ‘घरात येतेच’ हा युक्तिवाद मुळातूनच कोसळतो.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने माणसांना दुष्काळी कामावर घेतलं. खडी फोडणाऱ्या बाईकडे कुणी सातबारा मागितला नाही. काम केलं की दाम तिच्या हातात. त्यातूनच पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला. आपत्तीची मदत जमिनीखेरीज श्रमालाही जोडता येते, हे या राज्याने करून दाखवलं आहे. अतिवृष्टीत किंवा उष्णतेच्या लाटेत शेतकाम बंद पडलं तर बुडालेल्या दिवसांची मजुरी शेतमजुराच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली पाहिजे, आणि पंचनाम्यात त्यासाठी वेगळा रकाना पाहिजे.

जमिनीच्या बाबतीतही वाट तयार आहे. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखोंनी बाया जमल्या; पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. 1992 च्या शासन परिपत्रकानुसार नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. ही तरतूद किती गावांत चावडीवर वाचून दाखवली जाते? अतिवृष्टीनंतर तलाठी बांधावर येतोच. त्याच्या पिशवीत या अर्जाचे कोरे नमुनेही असावेत, आणि पंचनाम्यावर सही घेताना त्याने घरातल्या बाईलाही विचारावं, तुमचं काय बुडालं?