यकृत् आणि अस्थि

सप्तधातूंमध्ये अस्थि हा पाचवा धातु. त्याची झीज मुकाट्याने होते. कित्येकदा हाड मोडल्यावरच ती कळून येते. यकृताच्या जुनाट विकारात हे भय विशेष असते, याची मात्र पुष्कळ कुटुंबांस कल्पना नसते.

उन्हाने त्वचेत उत्पन्न होणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वावर पहिला संस्कार यकृतात व दुसरा मूत्रपिंडात होतो. मगच त्याच्या साहाय्याने आतडी अन्नातील कॅल्शियम नीट शोषून घेतात. पित्तस्राव अडल्यास आहारातील ‘ड’ व ‘के’ ही जीवनसत्त्वेही पुरेशी अंगी लागत नाहीत. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे व मद्य ही झीज वाढवितात.

अशा वेळी पथ्याच्या नावाखाली रोग्याचे वरण व दूध तोडणे म्हणजे दुखण्यास हातभार लावणेच होय. सिरोसिसच्या रोग्यासही शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सामान्यतः आवश्यक असतात. रात्री निजण्यापूर्वी थोडे खाणेही हितकर असते.

अस्थींची घनता मोजणारी डेक्सा तपासणी वेदनारहित असून थोड्या मिनिटांत होते. ती करावी काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. गोळ्या स्वमताने घेऊ नयेत. आणि न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवावी. ते औषध तर घरच्यांच्याच हाती आहे.